उत्पन्न जास्त आहे, तरी स्कॉलरशिप: अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांत मेरिटचे पैसे कसे शोधावेत

एडिसन, फ्रीमाँट किंवा प्लेनोमधलं मराठी घर. नवराबायको दोघं नोकरीत, दोघांचं मिळून उत्पन्न तीन लाख डॉलरच्या आसपास. घराचा हप्ता चालू आहे, दुसरं मूलही मागोमाग कॉलेजला येतंय, पुण्यातल्या आईवडिलांच्या औषधपाण्याचाही खर्च आहे. नामांकित खासगी विद्यापीठांचा फी, राहणं, जेवण धरून जाहीर खर्च आता वर्षाला ९० हजार डॉलरच्या वर गेला आहे. म्हणजे एका मुलामागे चार वर्षांचे साडेतीन लाखांहून जास्त.

अशा घरांमध्ये दोन समजुती हमखास आढळतात. पहिली, ‘आपलं इन्कम एवढं, आपल्याला कोण पैसे देणार?’ दुसरी, ‘पोरगी हुशार आहे, स्कॉलरशिप मिळणारच.’ दोन्ही चुकीच्या आहेत आणि दोन्हींमुळे पैसे जातात. पहिलीमुळे अर्जच केला जात नाही. दुसरीमुळे अर्ज होतो, पण जिथे मेरिटचा एक डॉलरही मिळत नाही अशाच विद्यापीठांकडे. मेरिट स्कॉलरशिप म्हणजे एखादं विद्यापीठ विशिष्ट मुलांना आपल्याकडे ओढण्यासाठी मोजत असलेली किंमत, हे एकदा डोक्यात बसलं की यादी कशी करायची ते आपोआप ठरत जातं.

आधी खात्री करा: तुमचं उत्पन्न खरंच ‘जास्त’ आहे का?

ही पायरी बहुतेक जण ओलांडून पुढे जातात. गेल्या दोनेक वर्षांत अतिश्रीमंत विद्यापीठांनी गरजेवर आधारित मदतीच्या मर्यादा बऱ्याच वर नेल्या आहेत. हार्वर्ड, एमआयटी आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या, नेहमीच्या प्रमाणात मालमत्ता असलेल्या घरांना ट्यूशन, म्हणजे शिकवण्याची फी, भरावी लागत नाही. प्रिन्स्टनने २०२५ मध्ये हीच मर्यादा बहुतेक घरांसाठी अडीच लाखांवर नेली. त्याच्या वर उत्पन्न असलं तरी मदत एकदम शून्यावर येत नाही, हळूहळू उतरत जाते. दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असतील तर फरक आणखी पडतो. फाफ्सा म्हणजे केंद्र सरकारचा आर्थिक मदतीचा अर्ज. त्याच्या २०२४–२५ पासूनच्या सूत्रात भावंडांची सवलत उरली नाही, पण सीएसएस प्रोफाइल (मदतीसाठीचा वेगळा, जास्त तपशिलाचा अर्ज) भरून घेणारी बरीच खासगी विद्यापीठं स्वतःच्या हिशेबात ती अजून धरतात.

म्हणून प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता तुम्हाला किती पडेल याचा अंदाज देणारा तक्ता, भरा. केंद्र सरकारची विद्यार्थी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला तो ठेवणं २०११ पासून कायद्याने बंधनकारक आहे. भरताना मागच्या वर्षीचं टॅक्स रिटर्न, डब्ल्यू-टू (पगाराचा वार्षिक दाखला) आणि खात्यांची शिल्लक समोर ठेवा. अंदाजे आकडे टाकले तर उत्तरही अंदाजेच येणार.

इथे आपल्या लोकांचं एक ठरलेलं गाडं अडतं: भारतातली मालमत्ता. बाणेरचा भाड्याने दिलेला फ्लॅट, नाशिकचा प्लॉट, वडिलोपार्जित घरातला हिस्सा. तुम्ही राहता ते घर सोडून तुमच्या नावावर असलेली बाकीची स्थावर मालमत्ता फाफ्सात आणि सीएसएसमध्ये दाखवावी लागते, मग ती जगात कुठेही असो. कर्ज वजा करून आजची किंमत लिहायची. ती लिहिल्यावर कॅल्क्युलेटर ‘मदत शून्य’ म्हणाला, तर प्रश्न मिटला: तुम्हाला मेरिटचाच रस्ता आहे. दिलासा एवढाच की, त्या रस्त्यावर बाणेरच्या फ्लॅटबद्दल सहसा कुणी विचारत नाही. मालमत्ता ‘बसवून देतो’ म्हणणाऱ्या सल्लागारांना पैसे देण्यात त्यामुळेच काही अर्थ नाही.

कुठे मिळत नाही

आयव्ही लीगची आठही विद्यापीठं मेरिट स्कॉलरशिप देत नाहीत. एमआयटी आणि स्टॅनफर्डही देत नाहीत (स्टॅनफर्डच्या खेळाडूंच्या स्कॉलरशिप वेगळ्या). ॲमहर्स्ट, विल्यम्ससारखी छोटी कॉलेजं, जॉर्जटाउन, टफ्ट्स हीही याच गटातली. कारण साधं आहे. यांच्याकडे प्रवेश मिळालेली मुलं तशीही येतात, त्यांना ओढायला पैसे खर्च करायची गरज पडत नाही. त्यामुळे ‘ऑलिम्पियाडचं मेडल आहे, प्रिन्स्टन काहीतरी देईल’ ही आशा धरू नका. तिथे मेडलमुळे प्रवेश मिळू शकतो, सूट मिळत नाही.

कॅलिफोर्नियातल्या पालकांसाठी वेगळी सूचना. बर्कली आणि यूसीएलएची रीजेंट्स स्कॉलरशिप मानाची आहे, पण आर्थिक गरज नसलेल्या मुलाला तिच्यातून वर्षाला दोन-अडीच हजार डॉलरच मिळतात. विषयांच्या नोंदणीत प्राधान्य वगैरे फायदे मोलाचे आहेत, पण घरच्या हिशेबात ती रक्कम मोठी धरू नका. आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ एसएटीचे गुण बघतच नाही, त्यामुळे १५७० तिथे कामाला येत नाहीत.

कुठे मिळतं

प्रवेश कठीण आहे, तरीही मेरिटवर मोठी रक्कम देतात अशी विद्यापीठं आहेत. सगळ्यात वर व्हँडरबिल्ट: कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट, इन्ग्रॅम आणि चान्सेलर्स या तीन स्कॉलरशिपमध्ये पूर्ण ट्यूशन आणि उन्हाळ्यातल्या कामासाठी वेगळी रक्कम मिळते. ड्यूकमध्ये अँजियर ड्यूक, आणि ड्यूक व नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ (चॅपल हिल) मिळून चालवतात ती रॉबर्टसन. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात डॅनफर्थ आणि अर्विन. एमरीत वुड्रफ. नॉट्र डेममध्ये हेसबर्ग-युस्को. राइस आणि शिकागो विद्यापीठही मेरिटवर काही जणांना देतात, रकमा लहानमोठ्या असतात. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे यूएससी, ट्रस्टीमध्ये पूर्ण ट्यूशन आणि प्रेसिडेन्शियलमध्ये अर्धी देतं. बॉस्टन विद्यापीठाची ट्रस्टी पूर्ण ट्यूशनची आहे आणि बॉस्टन कॉलेजची गॅबेली प्रेसिडेन्शियलही पूर्ण ट्यूशनचीच.

छोट्या कॉलेजांपैकी वॉशिंग्टन अँड ली आपल्या लोकांना फारसं माहीत नाही. तिथली जॉन्सन स्कॉलरशिप ट्यूशन, राहणं आणि जेवण भागवते, आणि प्रत्येक नव्या वर्गातल्या सुमारे १० टक्के मुलांना ती मिळते. वर नावं घेतलेल्या बहुतेक ठिकाणी हे प्रमाण याच्या जवळपासही जात नाही. डेव्हिडसन आणि रिचमंडही याच पठडीतली.

सरकारी विद्यापीठांत जॉर्जिया टेकची स्टॅम्प्स, चॅपल हिलची मोअरहेड-केन, व्हर्जिनियाची जेफरसन, मेरीलँडची बॅनेकर/की, नॉर्थ कॅरोलायना स्टेटची पार्क, डॅलसच्या टेक्सस विद्यापीठाची मॅकडरमॉट या सगळ्या स्पर्धेच्या स्कॉलरशिप आहेत. अलाबामासारखी काही विद्यापीठं तर सरळ कोष्टकच जाहीर करतात: इतके गुण, इतका जीपीए, इतके डॉलर. अशी एक-दोन नावं यादीत असलीच पाहिजेत, कारण तिथला आकडा अर्ज करण्याआधीच माहीत असतो.

एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. व्हँडरबिल्ट किंवा ड्यूकची पूर्ण ट्यूशन मिळवणं हे त्या विद्यापीठात नुसता प्रवेश मिळवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. प्रवेश मिळालेल्या उत्तम मुलांतून पुन्हा मूठभर निवडली जातात. या स्कॉलरशिपसाठी अर्ज जरूर करा, पण घरचं अंदाजपत्रक त्यांच्या भरवशावर उभं करू नका. उत्पन्न जास्त असलेल्या घरांना मेरिटचे पैसे प्रत्यक्षात बहुतेकदा त्याच्या खालच्या पायरीवर मिळतात: केस वेस्टर्न, रॉचेस्टर, नॉर्थईस्टर्न, ट्युलेन, मायामी, पर्ड्यू, ओहायो स्टेट अशा ठिकाणी, जिथे तुमचं मूल येणाऱ्या वर्गाच्या वरच्या चतुर्थांशात बसतं.

आकडे कसे वाचायचे: कॉमन डेटा सेट

बहुतेक विद्यापीठं दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाचा तक्ता प्रसिद्ध करतात. विद्यापीठाचं नाव आणि ‘कॉमन डेटा सेट’ असं शोधलं की पीडीएफ सापडते. कुठल्याही सल्लागाराच्या तासाभरापेक्षा तिच्यातली चार ठिकाणं जास्त सांगतात.

एच-२ए नावाचा भाग काढा. त्यातल्या ‘एन’ ओळीत आर्थिक गरज नसतानाही विद्यापीठाकडून मेरिटचे पैसे मिळालेल्या विद्यार्थ्यांची संख्या असते, खेळाडू वगळून. ‘ओ’ ओळीत त्यांना मिळालेली सरासरी रक्कम. पहिला रकाना प्रथम वर्षाचा असतो, तोच बघा. पुढच्या रकान्यात सगळी वर्षं एकत्र असतात.

आता त्याच्या वरच्या एच-२ मध्ये जा. ‘ए’ ओळ म्हणजे प्रथम वर्षाचे एकूण विद्यार्थी, ‘सी’ ओळ म्हणजे ज्यांची गरज सिद्ध झाली ते. समजा ए मध्ये १,६०० आहेत आणि सी मध्ये ८००. म्हणजे तुमच्यासारख्या घरांतले उरलेले ८००. एन ओळीत २४० असतील तर दर दहांतल्या तिघांना काहीतरी मिळालं. ओ ओळीत २२,००० असेल तर ९० हजारांचा खर्च सरासरी ६८ हजारांवर आला. आता तुम्हीच ठरवा, ६८ हजार परवडतात का. नसतील तर सरासरी स्कॉलरशिप मिळूनही हे विद्यापीठ तुमच्या आवाक्याबाहेर आहे, आणि ते एप्रिलमध्ये नव्हे, ऑगस्टमध्ये कळलेलं बरं.

एन ओळीत पाच-दहाच विद्यार्थी असतील आणि ओ मध्ये ६० हजार असतील, तर ती मूठभरांची मोठी स्कॉलरशिप आहे. एन मध्ये ५०० आणि ओ मध्ये १५ हजार असतील, तर विद्यापीठ बऱ्याच जणांना थोडी थोडी सूट देतं. दोन्ही ‘मेरिट देतात’, पण तुमच्या हिशेबात त्यांची जागा अगदी वेगळी.

एक फसगत टाळा. एच-१ मध्येही मेरिटचा एकूण आकडा असतो. तो डोळे दिपवतो, पण त्यात गरज असलेल्या मुलांना मिळालेलं मेरिटही मिसळलेलं असतं. तुमच्यासाठी एच-२ए हाच भाग खरा.

सी-९ मध्ये एसएटीच्या गुणांचा ७५ वा शतमक (पर्सेंटाइल) दिलेला असतो. मुलाचे गुण त्याच्या वर असतील तर मेरिटची आशा धरायला आधार आहे. पन्नासाव्या शतमकाच्या आसपास असतील तर प्रवेश मिळू शकतो, पैसे मिळणं कठीण. ‘टेस्ट-ऑप्शनल’ विद्यापीठांतही मेरिटसाठी गुण लागतात का, ते वेगळं तपासा. प्रवेशासाठी ऐच्छिक असलेली गोष्ट पैशासाठी ऐच्छिक असेलच असं नाही. राहिला एच-१४: मेरिट कशावर देतात ते त्यात खुणा करून सांगितलेलं असतं, अभ्यास, कला, नेतृत्व, राज्याचा रहिवास वगैरे.

पीएसएटी: अकरावीचा ऑक्टोबर

नॅशनल मेरिट या देशपातळीवरच्या स्कॉलरशिप स्पर्धेची दारं एकाच परीक्षेने उघडतात, ती म्हणजे अकरावीच्या ऑक्टोबरमधली पीएसएटी, एसएटीची धाकटी बहीण. दहावीची सराव म्हणून द्या, पण ती धरली जात नाही. निवड अंक काढण्याची पद्धत अशी: वाचन-लेखनाचे गुण दुप्पट करा, त्यात गणिताचे मिळवा, दहाने भागा. कमाल २२८.

आपल्या घरांत गणितावर भर असतो, म्हणून हे नीट बघा. वाचन ७०० आणि गणित ७६० असेल तर अंक येतो २१६. वाचन ७६० आणि गणित ७०० असेल तर २२२. एकूण गुण दोन्हीकडे १४६० च, पण फरक सहा अंकांचा. गणितात ७४० च्या पुढे पोचलेल्या मुलाने सुट्टीतले उरलेले तास वाचन-लेखनाला द्यावेत.

पात्रतेचा अंक राज्यागणिक बदलतो. न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्समध्ये तो देशात सर्वांत वरच्या अंकांपैकी असतो. २२३ अंक तिथे काठावर राहतात, कधी कमीही पडतात. बऱ्याच राज्यांत तेवढे सहज पुरतात. नॅशनल मेरिटची स्वतःची रक्कम एकदाच मिळणारे २,५०० डॉलर, म्हणजे फार नाही. खरे पैसे विद्यापीठांकडून येतात: अलाबामा, डॅलसचं टेक्सस, टल्सा ही विद्यापीठं फायनलिस्टना (स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यात पोचलेल्यांना) मोठी पॅकेजेस देतात. फ्लोरिडात राहणाऱ्यांसाठी राज्याची बेनाक्विस्टो स्कॉलरशिप आहे. विद्यापीठाचे पैसे मिळवायचे तर फायनलिस्टने आपलं पहिल्या पसंतीचं कॉलेज नॅशनल मेरिटच्या पोर्टलवर ठरलेल्या तारखेआधी नोंदवावं लागतं. ‘अजून ठरलं नाही’ हा पर्याय तसाच ठेवला आणि तारीख गेली, की कॉलेजकडून मिळणारी रक्कम हातची जाते.

अर्ली डिसिजन आणि तुमचा खिसा

अर्ली डिसिजनचा अर्ज बंधनकारक असतो. प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. गरजेवर मदत मिळणाऱ्या घराला निदान ‘मदत अपुरी आहे’ असं सांगून बाहेर पडता येतं. तुमची कागदोपत्री गरजच शून्य, त्यामुळे तो दरवाजाही जवळजवळ बंद. शिवाय जे मूल येणार हे आधीच पक्कं आहे, त्याला ओढायला विद्यापीठ जादा पैसे कशाला देईल? काही ठिकाणी अर्ली डिसिजनच्या मुलांनाही मेरिट मिळतं, पण तुलना करायला तुमच्या हातात दुसरं पत्रच नसतं.

आमचं मत स्पष्ट आहे: चार वर्षांचा पूर्ण खर्च कर्ज न काढता भरायची तयारी असेल, तरच अर्ली डिसिजन करा. नाहीतर अर्ली ॲक्शन. ते बंधनकारक नसतं आणि बऱ्याच मोठ्या स्कॉलरशिप तिथूनच सुटतात.

तारखा

मेरिट हुकण्याचं सर्वांत मोठं कारण गुण नव्हे, तारखा. प्रवेशाच्या अर्जाची मुदत १ जानेवारी असते, म्हणून घरात सगळे निवांत. स्कॉलरशिपची मुदत मात्र महिना-दोन महिने आधीच होऊन गेलेली असते. गेल्या काही वर्षांतलं वेळापत्रक साधारण असं आहे, आपल्या वर्षाच्या तारखा विद्यापीठाच्या पानावर ताडून घ्या:

- ऑक्टोबरची सुरुवात: मोअरहेड-केन. याचा अर्ज चॅपल हिलच्या अर्जापासून वेगळा.
- १ नोव्हेंबर: यूएससीचं अर्ली ॲक्शन, मेरिटसाठी बहुतेक शाखांना ही मुदत पाळावीच लागते. मेरीलँड, पर्ड्यू, बॉस्टन कॉलेजची गॅबेली आणि जॉर्जियाबाहेरच्यांसाठी जॉर्जिया टेक हेही याच सुमारास.
- १५ नोव्हेंबर: एमरी. अर्जात ‘स्कॉलर्स प्रोग्रॅमसाठी विचार व्हावा’ ही खूण करावी लागते. अशी एक खूण राहून गेल्यामुळे दरवर्षी कितीतरी चांगली मुलं यादीतच येत नाहीत.
- १ डिसेंबर: बॉस्टन विद्यापीठ, वॉशिंग्टन अँड लीची जॉन्सन, व्हँडरबिल्ट. व्हँडरबिल्टमध्ये आधी प्रवेश अर्ज पाठवायचा, मग त्यांच्या पोर्टलवर खातं उघडून स्कॉलरशिपचा वेगळा अर्ज आणि निबंध. खातं तयार व्हायला काही दिवस जातात, त्यामुळे ३० नोव्हेंबरला रात्री बसून हे होत नाही.

ड्यूकची अँजियर ड्यूक, राइस, शिकागो, नॉट्र डेम अशा ठिकाणी वेगळा अर्ज लागत नाही, प्रवेशाच्या अर्जावरूनच विचार होतो. याउलट व्हर्जिनियाची जेफरसन, डेव्हिडसनची बेल्क अशा स्कॉलरशिप शाळेच्या शिफारशीवर चालतात. तिथे मुलाने स्वतः अर्ज करायची सोय मुख्यतः नसतेच. म्हणून अकरावी संपता संपता, मे महिन्यात, शाळेच्या काउन्सेलरला एक छोटा ईमेल लिहा: शाळा कुठल्या स्कॉलरशिपसाठी नावं पाठवते, आणि ती केव्हा ठरतात? काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतात. जे मूल आधी विचारतं त्याचं नाव डोळ्यासमोर राहतं. शिफारसपत्रासाठीही अकरावीच्या शिक्षकांना सुट्टी लागण्याआधीच विचारा.

अर्जात काय दिसायला हवं

मेरिट समितीपुढे जी मुलं असतात त्या सगळ्यांचे गुण उत्तमच असतात. रोबोटिक्स, कोडिंग, गणिताच्या स्पर्धा, शास्त्रीय नृत्य किंवा तबला, हा साचा त्यांनी हजारदा पाहिलेला आहे. त्यात काही वाईट नाही. वाईट आहे ते हे सगळं नुसतं यादीसारखं मांडणं.

कॉमन ॲपमध्ये (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) दहा उपक्रम लिहिता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. पुष्कळ मराठी मुलं रविवारच्या मराठी शाळेत शिकवतात आणि लिहितात, ‘मराठी शाळेत स्वयंसेवक, लहान मुलांना मदत केली, संस्कृतीचा प्रसार केला.’ वाचणाऱ्याच्या हाताला यातून काहीच लागत नाही. तेच काम असं लिहा: ‘सहा ते आठ वर्षांच्या १४ मुलांचा वर्ग घेतला. देवनागरीची ४० पानांची सराववही तयार केली. ती आता तीन वर्गांत वापरतात.’ आकडे अर्थातच खरे हवेत, कारण मुलाखतीला बोलावलं तर पहिला प्रश्न त्या वहीवरच येईल. ढोल-ताशा पथकाचंही तसंच. नुसतं ‘वादक’ लिहिण्यापेक्षा पथकाचा जमाखर्च कुणी सांभाळला, नव्या मुलांना कुणी शिकवलं, हे सांगा.

प्रत्येक स्कॉलरशिप काय शोधते ते वेगळं असतं. इन्ग्रॅम समाजकार्याला वाहिलेली आहे, रॉबर्टसन नेतृत्वाला, काही निव्वळ अभ्यासाला. एकच निबंध नाव बदलून सगळीकडे पाठवला की दुसऱ्या परिच्छेदातच उघडं पडतं. निवडक मुलांना सहसा फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलाखतीला बोलावतात. मुलाखतीची तयारी म्हणजे उत्तरं पाठ करून घेणं नव्हे. घरच्या जेवणात तिला तिच्याच प्रोजेक्टबद्दल ‘हे असंच का केलंस? दुसरा मार्ग का नाही?’ असं विचारत राहा. समिती तेच विचारते.

व्हिसावर असाल तर

एच-फोर व्हिसावरच्या (आईवडिलांच्या एच-वनबीमुळे मिळणाऱ्या) मुलाला फाफ्सा भरता येत नाही. ग्रीन कार्ड असेल तर येतो. मेरिटचं तसं नाही. व्हँडरबिल्ट, यूएससी, एमरी, बॉस्टन विद्यापीठ इथे नागरिक नसलेल्या मुलांचाही मेरिटसाठी विचार होतो. राज्य सरकारच्या पैशांतून येणाऱ्या स्कॉलरशिपना मात्र बहुतेकदा नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, तेव्हा पात्रतेचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचा. मूल २१ वर्षांचं झालं की एच-फोर संपतो आणि एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. स्कॉलरशिप मधल्या बदलाने अडत नाही ना, हे प्रवेश घेण्याआधी लेखी विचारून ठेवा.

पुण्या-मुंबईहून थेट अर्ज करणाऱ्यांसाठी: आय-ट्वेंटीसाठी (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो दाखला) पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय दाखवावी लागते, त्यातून स्कॉलरशिपची रक्कम वजा होते. पत्र आलं की ते लगेच कागदपत्रांना जोडा.

अर्जातला ‘गरजेवर आधारित मदत हवी का’ हा प्रश्न बरेच जण घाबरून ‘हो’ करतात. कॅल्क्युलेटरने सगळीकडे शून्य दाखवलं असेल तर ‘नाही’ लिहा. काही विद्यापीठं प्रवेश देताना हे उत्तर बघतात, आणि मेरिटवर त्याचा सहसा परिणाम होत नाही. एखाद्या स्कॉलरशिपला फाफ्सा किंवा सीएसएस लागतोच असं लिहिलं असेल, तर तेवढ्यापुरता भरा. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले असाल आणि केंद्र सरकारचं कर्ज हवं असेल, तरीही फाफ्सा लागेल. उत्पन्न कितीही असलं तरी मुलाच्या नावावर पहिल्या वर्षी ५,५०० डॉलरचं अनसबसिडाइज्ड (व्याजाची सवलत नसलेलं) कर्ज मिळतं.

एप्रिल: पत्रं हातात आल्यावर

मार्चअखेर निकाल, १ मे पर्यंत निर्णय. मधले चार आठवडे मागणी करण्याचे. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. पत्र मुलाने लिहावं, मेरिट देणाऱ्या विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला, एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. पाऊण पान पुरे: इथेच का यायचं आहे ते दोन ठोस वाक्यांत, तोडीच्या दुसऱ्या विद्यापीठाने किती दिले आहेत ते पत्राच्या प्रतीसह, अर्जानंतर काही नवं घडलं असेल तर तेही, आणि शेवटी नेमका आकडा: ‘वर्षाला ८ हजार डॉलर आणखी मिळाले तर मी लगेच प्रवेश निश्चित करीन.’ आकडा न टाकलेल्या पत्राला गोड नकार येतो. तुलना बरोबरीच्या किंवा वरच्या विद्यापीठाशीच करा, कोष्टकावर पैसे देणाऱ्या सरकारी विद्यापीठाचं पत्र पुढे केलं तर त्याला वजन नसतं. आयव्हीला मेरिटसाठी असं पत्र लिहू नका, तिथे तशी तरतूदच नाही.

पैसे चारही वर्षं टिकवणं आणि टॅक्स

होकार देण्याआधी अटींचं पान वाचा. बहुतेक मेरिट स्कॉलरशिप ३.० ते ३.५ दरम्यानचा जीपीए राखण्यावर टिकतात, आठ सत्रांपुरत्या असतात आणि दर सत्रात पूर्णवेळ नोंदणी मागतात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या सत्रात कॅल्क्युलस, फिजिक्स आणि केमिस्ट्री एकत्र घेतली की ३.५ खाली यायला वेळ लागत नाही. एकदा घसरलं तर पुन्हा मिळते का, एक सत्र सवलत असते का, शाखा बदलली किंवा को-ऑपसाठी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून नोकरी) सत्र सोडलं तर काय होतं, या तिन्हींची उत्तरं ईमेलवर घ्या. ३.० ची अट असलेले २० हजार हे ३.५ ची अट असलेल्या २५ हजारांपेक्षा अनेकदा भरवशाचे ठरतात. वर्षागणिक फी वाढली तर स्कॉलरशिप वाढते का, हेही विचारा. ‘अर्धी ट्यूशन’ लिहिलेलं असेल तर ती फीबरोबर वाढते, डॉलरमध्ये रक्कम लिहिलेली असेल तर सहसा वाढत नाही.

बाहेरच्या संस्थांच्या स्कॉलरशिप (कोका-कोला स्कॉलर्स दरवर्षी १५० मुलांना प्रत्येकी २० हजार डॉलर देते) तुमच्यासारख्या घरांना उलट जास्त फायद्याच्या. गरजेवर मदत घेणाऱ्या मुलाची तेवढी मदत कापली जाऊ शकते, तुमच्याकडे कापायला काही नसतं. मेरिटवर दुसरी स्कॉलरशिप चालते का, एवढंच पाहून घ्या.

ट्यूशन, सक्तीची फी आणि पुस्तकांसाठी वापरलेली स्कॉलरशिप करमुक्त असते. राहण्या-जेवणाचा भाग मात्र मुलाचं करपात्र उत्पन्न धरला जातो. एफ-वनवरच्या विद्यार्थ्याच्या त्या भागातून विद्यापीठ साधारणपणे १४ टक्के आधीच कापून ठेवतं. आणि ५२९ खात्यात (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) पैसे साठवले असतील तर स्कॉलरशिप मिळाल्यामुळे ते अडकत नाहीत: करमुक्त स्कॉलरशिपइतकी रक्कम १० टक्के दंड न भरता काढता येते, फक्त त्यातल्या वाढीवर आयकर लागतो. पैसे शक्यतो स्कॉलरशिप मिळाली त्याच कॅलेंडर वर्षात काढा, आणि विद्यापीठाचं पत्र व फीच्या पावत्या त्या वर्षाच्या टॅक्सच्या फाइलमध्ये ठेवा. किंवा खातं तसंच ठेवून लाभार्थी म्हणून धाकट्याचं नाव लावा, तेही चालतं.